बिजागरी

दर मंगळवारी टॉडमॉर्डनला
मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये आमचा कॅमेरा क्लब भरतो.
नऊ माणसं, एक किटली, बिस्किटांचा डबा
आणि रॉय सटक्लिफ.

रॉयचं म्हणणं, कॅमेऱ्याचा पडदा भिंतीसारखा असावा.
पाठीला चिकटलेला, घट्ट.
"बिजागरी आली की फट आली,
फट आली की पाऊस आला,
आणि इथं पाऊस कुठून येत नाही ते सांग."
त्याच्या कॅमेऱ्याला सोळा वर्षं झाली,
कोपऱ्यांचा काळा रंग उडून गेलाय.
मोडेन पण वाकणार नाही, याचं यॉर्कशरी भाषांतर
मला रॉयइतकं नेमकं कुठं भेटलेलं नाही.

माझा पडदा वाकतो.
डावीकडे दारासारखा उघडतो, मग वर बघतो,
खाली बघतो, फिरवला तर
समोरच्याला त्याचंच तोंड दाखवतो.
पहिले दोन महिने, नव्या पर्सचा चाप करावा
तशी मी त्याची नुसती उघडमीट करायची.
भिंग इथं, चित्र चार बोटं डावीकडे.
नेम चुकायचा, क्षितिज कलंडायचं.
रॉय म्हणाला, बघ.
मी म्हटलं, बघतेय.

खरं कारण मी हॉलमध्ये सांगत नाही.
ऑक्टोबरात जुन्या दफनभूमीच्या उतारावर
अळंबी उगवते, मेण चोपडल्यासारखी,
शेंदरी, करंगळीच्या पेराएवढी.
छत्रीखालच्या तिच्या चुण्या वरून दिसत नाहीत,
त्यासाठी गालाला गवत लागावं लागतं.
आणि माझा उजवा गुडघा आता माझा नाही.

म्हणून कॅमेरा गवतात ठेवते, पडदा आकाशाकडे वळवते,
आणि एझ्रा ग्रीनवुड, विणकर, याच्या थडग्याच्या कठड्यावर
बसते. त्याची हरकत नसावी.

बाजारातही तसंच.
कॅमेरा डोळ्याला लावला की अंडी विकणारी ग्लेनिस
केस सारखे करते आणि दगड होते.
पोटाशी धरून खाली बघत राहिलं तर बोलत राहते,
जावयाबद्दल, कोल्ह्याबद्दल, पुन्हा जावयाबद्दल.
माझी मान झुकलेली, तोंड मोकळं.
तिला वाटतं मी ऐकतेय.
ऐकतेच.

फेब्रुवारीत पडदा गेला.
आधी एक जांभळी रेघ, मग सगळंच काळं.
आतली फीत तुटली होती, वळून वळून.
रॉय "सांगितलं होतं" असं म्हणाला नाही.
सलग तीन मंगळवार म्हणाला नाही.
दुरुस्तीचे एकशे चाळीस पाउंड मी मुकाट्यानं दिले.

तीस वर्षं हॅलिफॅक्सच्या इस्पितळात मी एक्स-रे काढले.
श्वास धरा. हलू नका. झालं.
गुडघा बदलल्यावर माझा फोटो मीच उजेडाला धरला:
वर धातू, खाली धातू, पांढरेशुभ्र,
आणि मध्ये नुसती फट.
तिथं प्लास्टिकची एक चकती असते.
माझं चालणं, बसणं, वाकणं, सगळा भार तिच्यावर.
ती फोटोत येत नाही.

या ऑक्टोबरात उतारावर रॉय सापडला.
पालथा, कोट चिंब, डोळा कॅमेऱ्याला,
नाकासमोर ती शेंदरी अळंबी.
किती वेळ झाला, विचारलं.
"चित्र मिळालंय," तो गवताला म्हणाला.
"उठता येत नाहीये."

मी एझ्राच्या कठड्यावर टेकले,
कॅमेरा घोट्यापाशी ठेवला, पडदा वर वळवला.
चौकटीत रॉयचा एक कान, टोपी,
आणि त्याच्या श्वासानं हलणारं गवत.

"हात देतेस ना?"
देते, म्हटलं. आधी श्वास धर.
हलू नकोस.