घुटमळणे

तिसऱ्या दिवशी दोघे आले.
त्यांची जीप जनकगंजच्या बोळात मावली नाही,
म्हणून चक्कीपाशी लावून, शेण चुकवत, चालत.
स्क्वाड्रन लीडर कुरुविला,
आणि लिहून घ्यायला भिंडचे सार्जंट भदौरिया.
मी गजक ठेवली. चहा ठेवला.
साहेबांनी बशी सरकवून फॉर्म ठेवला.

वेळ?
अडीच, म्हटलं. घड्याळ नव्हतं पाहिलं,
पण आमच्याकडे नळ अडीचला येतो, दिवसाआड,
आणि त्याचं खोकून झालं होतं.
सार्जंटने लिहिलं ०२३०.
नळ वगळला.

दिशा?
साहेब, एकतीस वर्षं पीडब्ल्यूडीत नकाशे काढलेत,
उत्तर कुठे ते मला झोपेत विचारा.
किल्ल्याच्या तटावरून निघाले, महाराजपुऱ्याकडे.
म्हणजे तुमच्याकडेच.
यावर कोणी काही बोललं नाही.

आकार?
हात लांब करा, म्हणाले, आणि बोटं लावून सांगा.
हात लांब केला. दुपारच्या उजेडात, माझ्याच खोलीत,
छताच्या पंख्यावर करंगळी धरून
मी रात्र मोजत बसले.
नखाएवढा एकेक. एकूण चार.

रंग?
जुना ट्रेसिंग पेपर असतो ना,
त्याच्यामागे चाळीसचा बल्ब लावला तर.
‘अंबर,’ साहेबांनी सांगितलं. लिहिलं गेलं अंबर.

आवाज?
नाही. तुमचं विमान गेलं की फडताळातल्या वाट्या वाजतात.
त्या रात्री वाट्या गप्प होत्या.

गती?
तीन सरळ गेले, पट्टी लावल्यासारखे.
चौथा घुटमळत होता.

इथवर आम्ही हिंदीत होतो. इथे माझी हिंदी संपली.
‘रुका हुआ था?’ नाही, थांबला नव्हता.
‘मँडरा रहा था?’ मँडराते ती घार, तिला खाली उंदीर दिसतो.
साहेब म्हणाले, हॉवरिंग.
मी म्हटलं, ते तुमच्या हेलिकॉप्टरचं, त्याला पेट्रोल लागतं.
हे वेगळं. निघायचं असतं,
निघालेलंही असतं,
आणि काहीतरी सांगायचं राहून गेलेलं असतं.
पेन हवेतच राहिलं.
‘मॅडम, दिव्याला काय सांगायचं असणार?’
ते मला माहीत असतं तर
तुम्हाला कशाला फोन केला असता?

मग साहेबांनी मऊ आवाजात समजावलं:
मुरारला लग्न असेल. हल्ली कागदी कंदील सोडतात,
वाऱ्यावर येतात, एखादा मागे पडतो.
शक्य आहे, मी म्हणणार होते,
तेवढ्यात भदौरिया खाली बघत म्हणाले,
‘सर, खरमास चल रहा है.’
पौषात कुणाच्या घरी लग्न?
कोट्टयमच्या माणसाला हे कसं ठाऊक असणार.
त्यांनी ‘लग्न’ खोडलं,
रेघ मारून, वर तारीख घालून, सही करून,
एखादी उंची चुकल्यावर आम्ही खोडायचो तसं.

माझं स्केच त्यांनी घेतलं. पोच दिली.
टोपी घातली, दारापर्यंत गेले,
आणि उंबऱ्यात साहेब उभे राहिले.
एक पाय बाहेर. हात कडीवर.
रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वर,
जिथे दुपारी काहीच नसतं.
मी सार्जंटला कोपर लावलं:
हे. हे बघा. हेच म्हणत होते मी.

पत्र आलं तेव्हा कूलर लागले होते.
पुरावा अपुरा, प्रकरण बंद, सहकार्याबद्दल आभार.
सोबत माझ्या जबानीची नक्कल, सगळी इंग्रजीत, टाइप केलेली.
फक्त गतीच्या रकान्यात, चौथ्यासमोर,
निळ्या शाईने, हाताने, देवनागरीत:
घुटमलत.

ळ नाही.
भिंडच्या हाताला ळ कुठून येणार.
लाल पेन्सिल टेबलावरच होती, सवयही आहे;
नाही केलं दुरुस्त.
नळ आला होता वर.