गेटपासवरचा चंद्र

घयाथीच्या पुढे, उंटांचा शेवटचा गोठा मागे टाकला
की रुवैसच्या रिफायनरीची ज्वाळा
काडेपेटीतल्या काडीएवढी होते.
तिथे परकार गाडी थांबवतो.
बराच वेळ पत्रा टिकटिकत निवत राहतो.

एका फळीवर आवळलेल्या दोन दुर्बिणी.
एक, कायमच्या परत निघालेल्या फिलिपिनो इंजिनियरची, अर्ध्या किमतीत.
दुसरी तिच्याच जातीची, हप्त्याने.
मधे आरसा, आणि लॅबच्या भंगारातली अर्धपारदर्शी काच :
अर्ध्यांना आत सोडते, अर्ध्यांना परतवते,
इमिग्रेशनच्या खिडकीसारखी.

आयपीस एकच.
परकारला डोळाही एकच.
दुसरा मुसाफ्फाच्या यार्डात ग्राइंडरने नेला;
तो त्याच्याबद्दल
बसमध्ये विसरलेल्या छत्रीसारखं बोलतो.

दुसरीचा प्रकाश वळसा घालून येतो,
म्हणून तिला वीतभर पुढे सरकवली.
लांबच्या कॅम्पची बस आधी सुटते, तसंच.

सप्तर्षी वर आलेले. वसिष्ठावर नेम धरला.
"सहा," परकार म्हणाला.
असणारच. वसिष्ठ दुर्बिणीत दोन होतो,
वर अरुंधती,
आणि नळ्या दोन.
मी स्क्रूला नखभर पीळ दिला.
"आले जवळ... गेले पुढे. मागे घे.
पाच. नाही, सहाच.
हां हां हां
तीन."
"अजून जुळवू?"
"हात काढ. हे तीन खरेच तीन आहेत."

मग मी वाकलो, एक डोळा मिटून.
आमच्या लग्नात भर दुपारी
भटजींनी हॉलच्या पंख्याकडे बोट केलं होतं,
दिसली का अरुंधती?
दोघांनीही दिसली म्हटलं होतं.
फोन लावावा वाटलं. तिकडे दीड तास पुढे,
झोपली असेल वृंदा.

चंद्र अष्टमीचा, मावळतीला टेकलेला.
"उजेड वाढला?"
परकार गप्प. मग म्हणाला,
"एकीत होता तेवढाच आहे रे."

वाळूत बोटाने हिशेब मांडला.
प्रत्येक नळीचा अर्धा आयपीसकडे,
अर्धा काचेच्या दुसऱ्या अंगाने बाहेर.
अर्धा नि अर्धा, एक.
सहा महिन्यांच्या सगळ्या सुट्ट्या, आणि एक.
परकार इतका हसला की
पलीकडे कुठेतरी उंट उठून उभा राहिला.

मी त्या उघड्या बाजूला तळहात धरला, काही कळेना.
गळ्यातला गेटपास धरला, मागेपुढे केला
आणि माझ्या फोटोवर, भुवईच्या जरा वर,
तांदळाएवढा लख्ख चंद्र,
डावं-उजवं उलटलेला,
तोही दोन्ही नळ्यांचा मिळून एकच.

"हलवू नकोस," परकार म्हणाला,
आणि आयपीस सोडून
इकडे आला, त्याचा डोळा घेऊन.
आम्ही चंद्र बुडेपर्यंत माझ्या कपाळाकडे बघत बसलो.

सकाळी गेटवर नेपाळी गार्डने
पास मशीनला लावला.
हिरवा दिवा लागला, रोजच्यासारखा.
"जाओ," तो म्हणाला.