अंतूरच्या वाटेवर, तिसरा दिवस

नकाशात ही वाट तुटक रेघांची.
"तुटकी कशी?" झमकाबाई म्हणते,
"होळीला म्या आलते की इथनंच."

ती अंतर किलोमीटरात सांगत नाही.
कन्नड सोडलं तो दिवस दोन पाण्यांचा.
कालचा एका पाण्याचा, तेही गढूळ,
ओढणीतून गाळलेलं.
आजचा बिनपाण्याचा,
म्हणून बोलायचं कमी.

मोहाखाली टेकलो तेव्हा
तिनं माझे महागडे बूट पाहिले, मग टाचेचा फोड,
आणि बाभळीचा काटा मोडून आणला.
"हलू नका, भाऊ."

सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
वळणावर एकदम तटबंदी दिसली,
मी म्हणालो, पोचलो!
ती हसली नाही.
"दिसतंय त्येच लांब असतंय."

रात्री कड्याच्या टोकावर.
खाली खानदेशाचे दिवे,
खूप खोलवर एक रेल्वे, मुंगीएवढी.
झमकाबाई अर्धी भाकरी फडक्यात बांधते.
"कुणाला?"
"मलाच. परवाला."

माझी वाट उद्या
चाळीसगावच्या फलाटावर संपेल, चहाच्या कपाशी.
तिची तिथून उलटी सुरू,
एकटीची,
आणि पहिलाच दिवस
बिनपाण्याचा.