चाळीस सेकंद

बेसिनच्या वर पोस्टर आहे.
सात चित्रं, गोरेपान हात,
हातांना माणूस नाही.
चौथ्या चित्रावर पालीनं अंडं चिकटवलंय.
खाली नळ,
मार्चपासून नुसता खाकरतो.

एक मग म्हणजे अठरा सेकंद.
हे मी मोजलंय, जिंतूरच्या या लेबर रूममध्ये,
हलीमाबी मावशी मग धरते तेव्हा.
कंजूष नाही ती, सरावलेली आहे.
सुतळीएवढी धार,
आणि ओघळलेलं खाली घमेल्यात, फरशीसाठी.
चाळीस सेकंदांना दोन मग आणि वर थोडं.
बादल्या दोन, बाळंतिणी तीन,
टँकर उद्या, म्हणजे परवा.

तपासणीला मॅडम आल्या होत्या.
हात धुण्याची सोय?
मी सॅनिटायझरची बाटली दाखवली.
रक्ताच्या हातांना ते पुरत नाही
हे त्यांनाही ठाऊक होतं.
'आहे' वर खूण केली त्यांनी,
आणि निघताना हळूच, सिस्टर, बाथरूम?
आहे, म्हटलं. पाणी नाही.

रात्री दोनला चारठाण्याकडून जीप आली.
पोरगी विशीच्या आतली. दैवशाला.
मागं सासू, कडेवर वीस लिटरचा निळा कॅन,
तोंडाला धुवट चिंधी बांधलेली.
मी ओरडले, आत एकच जण, चपला बाहेर,
आणि हे काय आणलंय, हे नाही चालायचं आत.

"पाणी हाय माय. उकळलेलं.
थोरल्या सुनेला घेऊन आल्ते हितं.
तवा पाहून गेल्ते."
मग जरा थांबून,
"चौथ्या दिशी ताप चढला व्हता तिला."

थोरलीचं नाव मी विचारलं नाही.
रजिस्टरमध्ये असेल.
त्या पानावर सही कुणाची, तेही असेल.

साडेसहाचे ग्लोव्हज संपलेत,
साडेसात काढून ठेवले, बोटांच्या टोकांशी हवा राहते त्यांत.
कॅन तिनंच वाकवला.
जाड धार. बेचक्या, नखं, मनगट,
आणि अंगठा, वेगळा, मुठीत धरून फिरवत,
चित्रात आहे तसा.
हलीमाबीनं सवयीनं घमेलं सरकवलं.
"घ्या अजून," सासू म्हणाली,
माझ्या तोंडाकडं न बघता, हातांकडं बघत.

चौतीस. पस्तीस.
आतून दैवशालानं हाक मारली, मला की आईला कोण जाणे,
आणि मोजणं तिथंच राहिलं.