डीजेचा हप्ता

दुपारी टपाल बंद केलं की
दुसऱ्यांच्या पासबुकांवरचा हात काढते
आणि माझी वही उघडते.
बियाणे कंपनीची मागल्या सालची डायरी,
कव्हरवर कपाशीचं हसरं बोंड,
आत माझे आकडे.

हाती येतात तेरा हजार दोनशे.
गटाचा हप्ता एकवीसशे पन्नास, दर पंधरवड्याला;
एखाद्या महिन्यात तिसराही येतो
पाव्हण्यासारखा, न सांगता.
वकिलाला पेशीमागे हजार.
टिनूचा ऑटो सहाशे.
सिलिंडर पंचावन्न दिवस पुरवते,
बाकी अंगणात चूल, पऱ्हाट्या फुकट.
मंगळसूत्र सोनाराकडे, त्याचं व्याज वेगळं.
नुसती काळी पोत घालत होते वर्षभर,
तीही आता खुंटीला.

कर्ज माझ्या नावावर.
अंगठा माझा, आधार कार्ड माझं,
फोटोत मीच, तेल लावून विंचरलेली,
मागे गटातल्या दहाजणी.
सामान त्याच्या नावावर:
चार बेस, दोन टॉप, एक जनरेटर,
आणि पिकअपच्या काचेवर
लाल रेडियमनं टिनूचं नाव.
तेव्हा विचारलं होतं मी,
एवढा आवाज कायले पाहिजे?
म्हणाला, एका लग्नसराईत फिटते पाय सगळं.

मंगरूळपीरच्या कोर्टात साहेब म्हणाले,
दोघांची मर्जी असली तरी सहा महिने थांबा,
विचार करा.
बाकावर बसून मी विचार केला:
लग्न फेब्रुवारीत संपते,
कर्ज पुढच्या दिवाळीला.
मधले आठ-नऊ महिने
त्याची कोणी नसताना
त्याच्या बेसचे पैसे भरायचे.

वकील म्हणतात, लिहून घेऊ, कर्ज त्यानंच फेडायचं.
पण पंचफुलाबाईच्या ओसरीत
कोर्टाचा कागद चालत नाही.
एकीचं अडलं की
दहाजणी उठत नाहीत सतरंजीवरून,
कोणाची मजुरी बुडते,
कोणाचं लेकरू दारात येऊन रडते.
मागल्या मंगळवारी मला चारशे कमी पडले.
बेबीबाईनं कनवटीचे काढून दिले, घामानं ओले,
दे जमन तसे, म्हणे, सांगू नको कोणाले.
वहीत सगळ्यात वर तेच लिहिलंय.
सोनाराच्याही वर.

रात्री कधी धानोऱ्याकडून आवाज येतो.
आधी ताटाळ्यातल्या ताटांना कळतं,
मग मला.
टिनू अंथरुणातच पाय हलवते,
आई, बाबाचा डीजे!
हाव, म्हणते मी.
हा ठोका माझा. हा पण. हा पण.
एका रात्रीत किती ठोके,
एका ठोक्याला किती पैसे पडतात,
भागाकार करायला घेतला होता एकदा,
मधातच झोप लागली.

परवाच्या पेशीनंतर एसटीला वेळ होता.
तर्री-पोह्याच्या गाडीवर तोही, मीही,
मध्ये एक माणूस जाईल एवढी जागा.
त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली होती,
कोर्टासाठी.
गाडीवाला म्हणाला, एकत्र का वेगळं?
वेगळं, आम्ही दोघं म्हणालो,
किती दिवसांनी
काही एकदम म्हणालो.
त्याच्या फोनमधून पैसे जाईनात,
गोल गोल फिरत राहिलं नुसतं.
तो फोन उंच धरून रेंज शोधत होता,
जशी लग्नात मांडवाबाहेर वायर शोधायचा.
मी पन्नासची नोट दिली,
अर्ध्या तिकिटातून साठवलेली.

बसमध्ये वही मांडीवर घेतली.
कुठं लिहावं सुचेना,
खर्चात का येण्यात.
गाडी हादरत होती, अक्षर वाकडं आलं.
शेवटी समासात टाकलं:
सुखदेव, पोहे, पंचवीस.
आणि खाली तारीख.