मटारशेजारी

गणपतीपासूनच आवाज येत होता.
मी म्हटलं, पंखा असेल,
आणि शिलाई मशीनचं तेल
दोन थेंब सोडलं जाळीतून.
माझं ज्ञान तेवढंच. कुरकुरतंय ना, तेल घाल,
बिजागरी असो, नाहीतर मेहुणा.

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी
ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
पडदा निळा झाला
आणि आतून कुणी दार वाजवावं तसं
टक्. टक्. टक्.
मग थांबणं.
मग पुन्हा, जरा नम्रपणे, टक्.

वासंती शाळेतून आली, चपला काढता काढता म्हणाली,
"बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका."
एवढंच. आवाज चढवला नाही.
चढवला असता तर मलाही काही बोलता आलं असतं.
दर दिवाळीला मीच म्हणायचो, बॅकअप घेऊ,
आणि दर दिवाळीला आधी फराळ.

दिवागावातल्या मढव्यांच्या निकेशनं
डिस्क कानाला लावली,
शहाळं पारखावं तशी हलवून ऐकली.
"काका, हेड गेलंय. बाहेर पाठवली तर अठरा हजार,
आणि गॅरंटी नाही."
मग गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला, आणि हळूच,
"नाहीतर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. दोन पिशव्यांत घट्ट.
कधी कधी दहा मिनिटं चालते.
मी सांगितलं म्हणून सांगू नका."

तेव्हा त्या रात्री ती झोपली
मटारच्या पाकिटाशेजारी, सोड्यांच्या डब्याखाली,
पाचशे जीबी, दुहेरी गाठ मारून.
वासंती पाठकोऱ्या कागदावर यादी करत बसली.
घराचे हप्ते. सौमित्रचा दहावीचा प्रकल्प, खाडीतला गाळ.
आईच्या एकसष्टीचे फोटो,
का ते अल्बमात आहेत?
सातव्या ओळीला पेन थांबलं.
"भरत आली होती ना?" ती म्हणाली.
"कशानं?"

सकाळी साडेसहाला, पाणी यायच्या वेळी, जोडली.
धातूवर दव धरलेलं, पंचानं टिपलं.
एक टक्. मग गुणगुण.
मग, अरे देवा, फोल्डर,
पिवळे, हजेरीला उभे राहिल्यासारखे.

मी प्रश्नपत्रिकांवर बाण नेला.
"त्या नकोत," मागून ती.
"त्या येतात मला. आम्ल आणि आम्लारीतला फरक, गुण चार.
ते घ्या. ते काय आहे ते."
नवीन फोल्डर तीन.
दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.
हिरवी पट्टी सरकत राहिली,
मोरीत बादली भरून वाहू लागली,
कुणी उठलं नाही.
नऊ मिनिटं.
त्यानंतर ती टक् सुद्धा म्हणाली नाही.

आत होते वीजमीटरचे तीन आकडे,
आणि सौमित्र चार वर्षांचा असताना
कॅमेरा हाती लागला होता, तो दिवस.
फरशी. फरशी.
माझा गुडघा, लेंग्याची नाडी.
टेबलाची खालची बाजू आणि तिला चिकटवलेलं च्युइंगम,
जे आम्हाला एकवीस वर्षांनी कळलं.
एकशेचौदा फोटो, निम्म्यांवर अंगठ्याचा गुलाबी धूर.
वासंतीचा अर्धा चेहरा, तोंड उघडं,
हसतेय की ओरडतेय
ते चौकटीबाहेर राहिलंय.

सौमित्रला पाठवले. बंगळुराहून एका ओळीत उत्तर,
हे काय आहे, डिलीट करा ना.
वासंतीनं ते टेबल उलटं करून पाहिलं.
होतं अजून. दगड झालेलं.

डिस्क निकेशनं उघडून दाखवली,
आत आरसा, त्यावर केसाएवढा ओरखडा.
त्यातलं लोहचुंबक त्यानं मला दिलं, घ्या, कामाला येईल.
आता ते फ्रीजच्या दारावर असतं,
दूधवाल्याचं बिल धरून.
पकड अशी, की काढायला गेलं
की रंगाचा टवका घेऊनच सुटतं.