सर्वनाम

रावपुऱ्यात, क्लासच्या जिन्यावर
वकील मॅडमनी बजावलं,
भाषांतर नको. थेट विचार कर.

मग सूरसागरच्या कडेनं घरी येताना
पाण्याला वॉटर, बाकाला बेंच
म्हणत चालले मनातल्या मनात.
सेवउसळवाल्याशी गुजराती.
सुटे मोजले ते मात्र मराठीतच.

काल जेवताना बाबा म्हणाले,
हालोलच्या नोकरीला
मी परस्पर नाही कळवलंय.
आणि आत कुणीतरी बोललं,
यू आर राँग.
न अडखळता. क्रियापदासकट.

त्या 'यू'ला ना अहो, ना जाहो.
क्षणभर बाबा आणि मी
एकाच उंचीच्या पाटांवर.

"काय गं, जेवत का नाहीस?"
"कुठं काय," म्हटलं,
"आमटी वाढू तुम्हाला?"